बिघडलेले मावळे

दिवाळीच्या सुटीत स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आणि जिन्याखालची मोकळी जागा आमच्या चिरंजिवांच्या ताब्यात, असा आमच्याकडे एक अलिखित करार आहे. मी चकल्यांच्या मागे असते, तो किल्ल्याच्या. माझ्या चकल्या मोडतात, त्याचे बुरूज ढासळतात; आणि एकमेकांच्या कामात कोणी नाक खुपसायचे नाही, हे या करारातले मुख्य कलम. गेल्या दिवाळीत ते कलम मी मोडले. निमित्त झाले नुकत्याच धुतलेल्या पडद्यावर उमटलेल्या पाच काळ्या बोटांचे.

हातातला झारा तसाच घेऊन मी जिना उतरले. किल्ला झकास जमला होता. विटांवर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलावर मोहरीची कोवळी हिरवळ. वर सिंहासनावर महाराज. पण पायथ्याशी पाहिले आणि रागवायचे विसरूनच गेले. तेथे काळ्याकुट्ट, वेड्यावाकड्या आकृत्यांची एक फौज उभी होती. कोणाला एक हात नव्हता, कोणाची मान कलती, कोणाच्या तोंडाशी मातीचे सुळे चिकटवलेले. जरा वाकून पाहिले तेव्हा एकाच्या कमरेचा शेला ओळखीचा वाटला. हे तर आमचेच गेल्या वर्षीचे मावळे!

"अरे, हे काय केलंस?"

"ऑर्क आहेत ते."

"पण हे मावळे होते ना रे?"

"होते," ब्रश धूत तो शांतपणे म्हणाला, "पण ऑर्क बाजारात मिळत नाहीत, आई. मावळ्यांनाच बिघडवावं लागतं."

मी काही न बोलता वर आले. कढईतल्या चकल्या काळ्या झाल्या होत्या, पण माझे तिकडे लक्ष नव्हते. बारा वर्षांच्या पोराने सहज उच्चारलेल्या त्या वाक्याने मला धरून ठेवले होते.

ऑर्क म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत त्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडे सांगते. ऑक्सफर्डमध्ये टॉल्किन नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. विषय जुनी इंग्रजी भाषा. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, शब्दांची मुळे उकरीत बसणारे. जन्म १८९२ चा. १९१६ साली सोमच्या लढाईत ते खंदकात होते आणि तेथून तापाने आजारी होऊन मायदेशी परतले. या गृहस्थांनी १९५४ आणि १९५५ साली तीन खंडांत एक प्रचंड कथा प्रसिद्ध केली, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. एका अंगठीची आणि ती नष्ट करायला निघालेल्या लहानखुऱ्या माणसांची ही गोष्ट. चिरंजिवांनी आधी तिचे चित्रपट पाहिले आणि मग मला ते तिन्ही खंड वाचायला लावले. पोराच्या आग्रहाखातर म्हणून सुरू केलेले वाचन मी उन्हाळ्याच्या सुटीत रात्री जागून पुरे केले.

या कथेत राक्षस पुष्कळ आहेत, पण त्यांतले बरेचसे मुळात राक्षस नव्हते. टॉल्किन १९७३ साली वारले. त्यांच्या मुलाने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या 'सिल्मरिलियन' ग्रंथात ऑर्कांची जन्मकथा येते. एल्फ ही अमर आणि देखणी जात. त्यांतल्या काहींना एका दुष्ट शक्तीने पळवून नेले, अंधारकोठड्यांत डांबले, हळूहळू छळून बिघडवले आणि त्यांतून ऑर्क घडवले. दुष्टतेला नवे काही निर्माण करता येत नाही; जे आहे त्याची ती फक्त विटंबना करू शकते, असे या कथेचे सूत्र आहे. नऊ अंगठ्यांच्या मोहात पडलेल्या नऊ माणसांचीही तीच गत. आधी सामर्थ्य मिळाले, मग आयुष्य लांबले, आणि शेवटी अंगरख्याच्या आत माणूसच उरला नाही.

हा 'ऑर्क' शब्दही टॉल्किन यांनी जुन्या इंग्रजीतून उचलला. 'बेओवुल्फ' या प्राचीन काव्यात ऑर्कनेआस नावाच्या भुतावळीचा उल्लेख आहे. ही सारी भुतावळ कोणापासून उपजली, तेही त्या काव्यात सांगितले आहे. ती केनपासून उपजली. केन म्हणजे बायबलातला तो थोरला भाऊ, ज्याने आपल्या सख्ख्या भावाचा जीव घेतला.

हे मी कित्येकदा वाचले होते. पण त्या दिवशी गॅससमोर उभे असताना ते आठवले आणि अंगावर काटा आला. चार दिवसांवर भाऊबीज होती, आणि माझा भाऊ सहा वर्षांत एकदाही ओवाळून घ्यायला आलेला नव्हता.

आता घरचे सांगते. आईच्या हातात तीन तोळ्यांच्या पाटल्या असत. शेवटचे पाच महिने ती माझ्याकडे होती. एका रात्री पाठ चेपताना ती मला म्हणाली, "या पाटल्या तुला हो." वहिनी सांगते की, तिला पहिला मुलगा झाला तेव्हा आईने तिलाही हेच सांगितले होते. आज मला वाटते की, दोघीही खरेच बोलत होतो. आईचा स्वभावच तसा. समोर जो बसेल त्याला देऊन मोकळी व्हायची. पण तेव्हा मला तसे वाटले नाही. वहिनी खोटे बोलते असे वाटले आणि दादा तिच्या ताटाखालचे मांजर झाला असे वाटले. पाटल्या माझ्याकडे होत्या. त्या मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या.

मी त्या घालीत नसे. घातल्या तर कोणी पाहील आणि दादाच्या कानावर जाईल! वर्षातून एकदा बँकेत जायचे, किल्ली फिरवायची, त्या अरुंद खोलीत दार लोटून पाटल्या हातात चढवायच्या, दिव्याखाली हात फिरवून पाहायचे आणि पुन्हा काढून ठेवायच्या. घरी यायला उशीर का झाला, हे घरात कोणाला सांगायचे नाही.

त्या तीन खंडांत गॉलम नावाचे एक पात्र आहे. डोंगराच्या पोटातल्या काळोख्या तळ्याकाठी ते राहते. डोळे दिव्यासारखे, अंग चिकट, खाणे कच्च्या माशांचे. हाही मूळचा राक्षस नव्हे. नदीकाठच्या वस्तीतला स्मेआगोल नावाचा हा एक मुलगा. त्याच्या वाढदिवशी दोघे मित्र मासे धरायला गेले आणि मित्राला नदीच्या तळाशी अंगठी सापडली. "माझा वाढदिवस आहे, मला दे," असे म्हणून स्मेआगोलने त्याचा गळा आवळला. पुढे जवळजवळ ५०० वर्षे तो ती अंगठी घेऊन अंधारात बसला आणि स्वतःला पटवीत राहिला की, ही मला वाढदिवसाची भेट म्हणूनच मिळाली आहे. त्या अंगठीला तो ज्या लाडक्या नावाने हाक मारतो त्याला मराठीत शब्द शोधायचा, तर आई आम्हां दोघा भावंडांना मांडीवर घेऊन म्हणायची तोच सापडतो: माझं सोनं.

वाचताना मला हा गॉलम पाहून किळस आली होती. बँकेतली ती अरुंद खोली मात्र तेव्हा आठवली नाही. स्वतःवर बेतलेले आपण नेहमी दुसऱ्याच्या नावावर वाचतो.

आमच्याकडे असे राक्षस नाहीत असे नाही. रामायणातला कबंध घ्या. डोके आणि मांड्या धडात दडपलेल्या, पोटावर तोंड, छातीवर एकच डोळा, योजनभर लांब हात. हा पूर्वी देखणा होता. भयंकर रूप घेऊन ऋषींना भिववण्याचा नाद त्याला नडला. एका ऋषीने शाप दिला की, हेच रूप तुझ्याजवळ राहील, आणि पुढे इंद्राच्या वज्राने त्याचे असे गाठोडे झाले. पण शापाबरोबर ऋषीने उपायही सांगून ठेवला होता. रामलक्ष्मणांनी त्याचे हात तोडले, त्याला अग्नी दिला, आणि चितेतून तो मूळच्या तेजस्वी रूपात उठला. सुग्रीवाची वाट रामाला दाखवली ती या राक्षसानेच. उःशाप! वर्गात हा शब्द शिकवताना मला नेहमी अभिमान वाटतो. शाप देताना सुटकेची वाट राखून ठेवावी, या समजुतीसाठी आपल्याकडे एक स्वतंत्र शब्द आहे.

टॉल्किन यांच्या जगात असा ठरीव उःशाप नाही. तेथे उरते ती फक्त दया. बिल्बो नावाचा एक साधा माणूस, हातात तलवार असून आणि गॉलम समोर असून, कीव येऊन त्याला जिवंत सोडतो. त्या एका न मारलेल्या घावावर पुढची सारी कथा उभी आहे. कारण शेवटी कथानायक फ्रोडो स्वतःच अंगठी सोडायला तयार होत नाही, आणि ती अग्नीत पडते ती गॉलमच्या हातून.

पण मला झोप लागू दिली नाही ती शेवटाने नव्हे, एका जिन्याने. डोंगरातल्या त्या उभ्या जिन्यावर फ्रोडो आणि त्याचा इमानी सोबती सॅम दमून झोपलेले असतात. गॉलम त्यांचा घात करण्याची तयारी करून परत येतो आणि झोपलेल्या फ्रोडोकडे पाहत राहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते. क्षणभर तो एक थकलेला, एकटा म्हातारा होतो आणि थरथरत्या हाताने फ्रोडोच्या गुडघ्याला हलकेच स्पर्श करतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याला हिडीसफिडीस करतो. लपूनछपून कसला चोरटेपणा चालला आहे म्हणून विचारतो. झाले, तो क्षण गेला. गॉलमच्या डोळ्यांत पुन्हा ती हिरवी चमक येते. १९६३ सालच्या एका पत्राच्या मसुद्यात टॉल्किन यांनी लिहिले आहे की, आपल्याला या कथेतला कदाचित सर्वांत करुण क्षण हाच वाटतो. सॅम दुष्ट नव्हता. त्याच्याइतके निर्मळ माणूस त्या कथेत दुसरे नाही. त्याने फक्त आपल्या संशयावर विश्वास ठेवला.

असा एक जिना माझ्याही आयुष्यात आहे.

आईचे वर्षश्राद्ध दादाच्या घरी होते. पानांची आवराआवर झाली, पाहुणे गेले, वहिनी बाहेर निरोप देत होती. मी ओट्याशी एकटी होते. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. केस पिकलेले, उपरणे खांद्यावरून घसरलेले. म्हणाला, "कॉफी टाकतेस का गं थोडी?"

इंजिनिअरिंगच्या परीक्षांच्या वेळी रात्री बाराला तो नेमका याच शब्दांत मला विचारायचा. मी झोपेतून उठून कॉफी करीत असे. दोन कप, एक त्याला, एक मला. आई पांघरुणातून ओरडायची. एवढे सगळे त्याने त्या एका वाक्यात आणून माझ्यापुढे ठेवले होते, आणि मी वळूनसुद्धा न पाहता म्हटले, "टाकते. पण आधीच सांगते, पाटल्या मी बरोबर आणलेल्या नाहीत."

तो काहीच बोलला नाही. कॉफी झाली तेव्हा दारात कोणी नव्हते. त्यानंतरच्या सहा भाऊबिजा सुन्या गेल्या, आणि माझा भाऊ बदलला, माणसातून उठला, असे मी येईल त्याला सांगत राहिले. त्याला बिघडवण्यात माझाही एक काळा ब्रश होता, हे मला कळले ते किल्ल्याच्या पायथ्याशी.

त्याच संध्याकाळी मी दादाला फोन केला. बोलायचे ठरवलेले सगळे विसरले. "भाऊबिजेला ये," एवढेच म्हणाले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग "बघतो" असे म्हणून त्याने फोन ठेवला.

तो आला. वहिनी आली नाही. तासभर बसला. किल्ला पाहिला, भाच्याला बुरुजाचा उतार कसा चुकला ते समजावून सांगितले. मी ओवाळले तेव्हा माझा हात कापत होता, आणि त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. कॉफी मी न विचारता दोन कप केली. निघताना त्याच्या हातात एक पाटली ठेवली. पाटल्या दोन आणि आम्ही भावंडेही दोन. इतके सोपे गणित सहा वर्षांत कोणाला सुचले नव्हते, कारण 'जोडी मोडू नये' असे आम्ही दोघेही ठामपणे म्हणत होतो! दादाने ती पाटली तळहातावर तोलली आणि परत माझ्या हातात दिली. "राहू दे सध्या. पुढच्या वर्षी हिलाच घेऊन येतो, तिच्या हातात दे."

येईल की नाही, सांगता येत नाही. पाटल्या आता लॉकरमध्ये नाहीत, घरच्या कपाटात आहेत. रोजच्या कामाला त्यांतली एक मी हातात घालते.

दिवाळी संपल्यावर चिरंजिवांनी किल्ला मोडला आणि ऑर्कांची सारी फौज बादलीत बुडवून घासायला घेतली. काहींचा काळा रंग उतरला; आतून फेटे निघाले, शेले निघाले. तीन-चारांचा काही केल्या गेला नाही. "टाकून देऊ का रे हे?" मी विचारले.

"नको," त्यांना उन्हात ओळीने मांडीत तो म्हणाला, "हे यंदा निघाले नाहीत. पुढच्या दिवाळीत पुन्हा घासून बघू."