देव पाण्यात घालून बसलेलं गाणं

काही गाण्यांचं नावच त्यांच्या आड येतं. आर.ई.एम. या अमेरिकी बँडचं ‘लूझिंग माय रिलिजन’ हे त्यांतलं एक. गाणं १९९१ सालचं, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं. पण आजही कुणाला ऐकवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : याची देवावरची श्रद्धा उडालीय का?

तर तसं नाही. बँड जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या गावचा. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात हा बोलीतला वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ सहनशक्ती संपणं, तोल सुटण्याच्या बेतात असणं. आपल्याकडे ‘आता त्या नोकरीत राम राहिला नाही’ म्हणणारा माणूस रामाबद्दल काहीच बोलत नसतो. ते वाक्य शब्दशः घेणाऱ्या परभाषकाला मात्र वाटेल की हा गृहस्थ नास्तिक झाला. या गाण्याचं जगभर तेच झालं.

मग गाणं कशाबद्दल आहे? गायक मायकल स्टाइपनं अनेकदा सांगितलंय की ते एकतर्फी ओढीबद्दल आहे. ‘द पोलिस’च्या ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’शी त्यानं त्याची तुलनाही केली आहे. त्याच्या डोळ्यांसमोर होता पार्टीत भिंतीला चिकटून उभा राहणारा बुजरा माणूस, ज्याला आवडती व्यक्ती समोर दिसतेय पण पुढे जाववत नाही. सुरुवातीच्या मसुद्यात स्वयंपाकघराचा उल्लेख होता, तो नंतर गेला. हा माणूस आपल्याला अनोळखी नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पाण्याच्या पिंपाजवळ हातात रिकामा ग्लास घेऊन जो उगाच उभा असतो, तो हाच. आपण जरा जास्तच बोलून गेलो की पुरेसं बोललोच नाही, हे त्याला ठरवता येत नाही. समोरचा हसला त्याचा अर्थ काय, हसला तरी का, इथपर्यंत त्याची मजल जाते.

हे सगळं शब्दांत आहेच. पण गाणं घडलं कसं ते कळल्यावर मला ते जास्त आवडायला लागलं. १९८९ चं वर्ष बँडनं ‘ग्रीन’ या अल्बमच्या दौऱ्यात घालवलं होतं. मोठाल्या हॉलमध्ये जोरात इलेक्ट्रिक गिटार वाजवून कंटाळलेले हे लोक पुढच्या कामात वाद्यांची अदलाबदल करायला लागले. गिटारिस्ट पीटर बकनं मँडोलिन घेतलं होतं आणि तो ते शिकत होता. एके रात्री घरी टीव्ही बघता बघता तो वाजवत बसला आणि शेजारी टेप चालू ठेवली. दुसऱ्या दिवशी ऐकलं तर बराच वेळ नुसता रियाज, मध्येच ही धून, आणि पुढे पुन्हा रियाज.

मँडोलिनला चार जोड्यांत आठ तारा असतात आणि शेजारच्या दोन जोड्यांत सा आणि प यांचं अंतर असतं. गिटारच्या शेजारच्या तारांत एक जागा सोडली तर सा आणि म यांचं. त्यामुळे गिटारवर वर्षानुवर्षं मुरलेली बोटं मँडोलिनवर आली की त्यांच्या सवयी निकामी होतात. ओळखीचा कॉर्ड ओळखीच्या जागी सापडत नाही, हात चाचपडतो. आपण गिटारवर हे असं बांधलंच नसतं, असं बकनंही सांगितलंय. या गाण्यातली ती अस्वस्थ, एका जागी न टेकणारी धून म्हणजे एका तयारीच्या वादकाचे शिकाऊ झालेले हात आहेत.

बाकीच्यांनी तो चाचपडेपणा झाकला नाही, त्याला आधार दिला. माइक मिल्सनं फ्लीटवुड मॅकचा जॉन मॅकव्ही डोळ्यांसमोर ठेवून बेसची साधी, गोल चाल बांधली. बिल बेरीचे ड्रम्स सरळ चालतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिल स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं, पीटर होल्सॅपलनं अकूस्टिक गिटार वाजवली, पुढे अटलांटा सिम्फनीच्या वादकांची व्हायोलिनं आली. स्टाइपनं गायन एका टेकमध्ये केलं. आणि एवढं सगळं होऊनही गाण्याला ठसठशीत धृपद मिळालं नाही. पॉप गाण्यात धृपद म्हणजे सगळ्यांनी मिळून ओरडायची जागा. हा माणूस तर मनातलं एका व्यक्तीलाही सांगू शकत नाही, तो चौकात काय ओरडणार? तो फिरून फिरून त्याच शंकेवर येतो आणि मँडोलिन त्याच्याबरोबर फिरत राहतं.

रेकॉर्ड कंपनीला हे पहिलं सिंगल म्हणून काढावं की नाही याची शंका होती, आणि ती रास्तच होती. पुढे गाणं बिलबोर्ड हॉट १०० यादीत चौथ्या क्रमांकावर पोचलं. त्याहून वर या बँडचं कुठलंच गाणं गेलं नाही.

मी बॅकएंडचं काम करतो. माझ्या टीमकडे मेसेजची रांग आहे : एका सर्व्हिसनं पाठवलेलं दुसरीला मिळालं की नाही हे बघणारी. तिथे प्रत्येक मेसेजची पोच यावी लागते. नाही आली, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, मग त्याच्या दुप्पट थांबून पुन्हा. ठरलेले प्रयत्न संपले की तो मेसेज बाजूच्या एका रांगेत पडतो आणि सकाळी कुणीतरी माणूस तो उघडून बघतो. कशाचाही अंदाज बांधायचा नसतो, हे या कामातलं सुख.

माणसांत ही सोय नाही. माझी एक मैत्रीण चार वर्षांपूर्वी शिकायला परदेशी गेली आणि तिथेच राहिली. महिन्यातून एखादा फोन होतो. हवामान, घरभाडं, आईबाबांची तब्येत. तिला सांगायचंय ते माझ्या फोनच्या नोट्समध्ये आहे, त्याचे अकरा मसुदे झालेत. काही फार लांब आहेत, काही इतके आखूड की त्यांतून काहीच कळू नये. व्हॉट्सॲपवरच्या दोन निळ्या टिका ‘वाचलं’ एवढंच सांगतात. ‘समजलं’साठी कुणी टीक बनवलेली नाही. कधीकधी तिचं ‘टायपिंग’ दिसतं, थांबतं, पुन्हा दिसतं, आणि शेवटी एक अंगठा येतो. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात मी जेवढा वेळ घालवलाय तेवढा प्रॉडक्शनमधल्या कुठल्याही बगवर घालवलेला नाही.

म्हणून गाण्याच्या नावातला धर्म अगदीच उपरा आहे, असं मला वाटत नाही. अशा ओढीत थोडी भक्ती असतेच. समोरच्याला मखरात आपणच बसवलेलं असतं. गाण्याचा व्हिडिओ जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंगनं केला. त्यात खिडकीतून दुधाचं भांडं पडून फुटतं, मार्केसच्या गोष्टीतून आलेला पंखवाला म्हातारा आहे, काराव्हाजिओच्या चित्रांसारखा उजेड आहे, आणि काही चौकटी अशा की आपल्या घरातल्या कॅलेंडरवरचे देव आठवावेत. १९९१ च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट व्हिडिओसकट सहा बक्षिसं मिळाली. तरसेमनं नाव शब्दशः घेतलं असं म्हणता येईल, पण या गाण्यात आस लावून बसलेला माणूस आहे हे त्यानं ओळखलं, असंही म्हणता येईल. मराठीत त्या अवस्थेला शब्द आहे : देव पाण्यात घालून बसणं. त्यातही देव आहे, आणि बोलणं मात्र वाट बघण्याबद्दलच असतं.

गाण्यातला माणूस शेवटी, हे सगळं स्वप्नच होतं, अशी स्वतःची समजूत घालतो. त्याला उत्तर मिळत नाही, कारण त्यानं विचारल्याचं आपल्याला कुठेच ऐकू येत नाही. मी मात्र काल रात्री अकरा मसुद्यांतला सातवा उघडला आणि त्यातल्या दोनच ओळी ठेवल्या. तिच्याकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत. ती उठेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असं ठरवलंय.