धुऱ्यावरचा व्यायाम

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना पुढे काय करायचंय असं विचारलं, की क्रिकेट संघ, परदेश नाहीतर पुण्यात स्वतःचं क्लिनिक हीच उत्तरं येतात. शेवटच्या वर्षापर्यंत क्रिकेट गळतं, परदेश टिकतो. दारव्हा किंवा झरी-जामणी हे नाव कुणाच्याच तोंडी नसतं, यवतमाळ जिल्ह्यातून आलेल्या मुलांच्याही नाही. मग ‘यांच्यात सेवाभावच नाही’ असा शेरा आम्ही शिकवणारे मारून मोकळे होतो. मला तो पटत नाही. मूल जे काम बघतं, त्याचीच स्वप्नं बघतं. यवतमाळच्या मुलाला सावंगी मेघे किंवा नागपूर गाठावं लागतं आणि तिथल्या सुसज्ज विभागात त्याच्या मनात कौशल्य म्हणजे मशीन हे समीकरण पक्कं होतं. रुग्णही ‘शेक द्या’, ‘करंट लावा’ म्हणत त्याला दुजोरा देतात.

जिल्ह्याचं दुखणं मात्र वेगळं आहे. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेली असते. मजुरी किलोवर, त्यामुळे थांबणं परवडत नाही. तिला ‘वाकू नका’ सांगणं म्हणजे काम सोडा सांगणं. दहा दिवस सिटिंगला या म्हटलं, तर दहा दिवसांची वेचाई आणि एसटीचं भाडं गेलं. तपासणीत मागे झुकल्यावर दुखणं कमी होतंय असं दिसलं, तर तिला एवढंच शिकवावं: ओटी अर्धी भरली की रिकामी करायची आणि धुऱ्यावर कमरेला हात लावून पाचदा मागे झुकायचं. ऐकायला सोपं आहे, पण कोणत्या कमरेला हे चालेल आणि कोणत्या कमरेला उलट बाधेल, हे हातानं आणि नजरेनं ओळखायला मशीनपेक्षा जास्त अक्कल लागते. फवारणीचा सोळा लिटरचा पंप पाठीवर घेणारा गडी, सिकलसेलमुळे खुब्याचा सांधा झिजून तरुणपणीच लंगडणारा मुलगा, लकवा झालेला म्हातारा, सगळ्यांची तीच गत.

यावर विद्यार्थी विचारतात, ‘सर, पोस्ट कुठे आहे?’ प्रश्न रास्त आहे. सरकारी पदं मोजकी, त्यातली बरीच कंत्राटी. खासगी महाविद्यालयाची फी भरलेल्या बापाला त्याग शिकवणं हा उद्धटपणाच ठरेल. पण पद नाही म्हणून ते काम शिकवायचंच नाही, हे उलटं झालं. मुंबईत 1952 साली पोलिओची साथ आली आणि पुढच्याच वर्षी केईएममध्ये देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. आधी गरज दिसली, व्यवसाय मागून उभा राहिला. शिवाय तालुक्याला क्लिनिक चालत नाही हे गृहीतकही दहा सिटिंगच्या हिशेबावर उभं आहे. दोन भेटींत नीट शिकवणाऱ्याकडे गर्दी होऊ शकते. फक्त त्याला फी मशीनची नव्हे, तपासणीची आणि शिकवण्याची घ्यावी लागेल. ते रुग्णाच्या गळी उतरवणं अवघड आहे, हे मान्य.

2025 च्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षाची केली आहे. त्यातले दोन महिने, तेही वेचणीच्या हंगामात, पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत घालवता येतील. राहायची सोय आणि वेळेवर स्टायपेंड मात्र हवा. नाहीतर मुलं सही करून शनिवारी नागपूरची गाडी पकडतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.