सात वर्षे राहिलेली नोंद

सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत्याचा थोरला मुलगा सात वर्षांपूर्वी नोकरीसाठी दुबईस गेला. कॉलेजात असताना उघडलेले त्याचे बचत खाते तसेच चालू राहिले. पगारातील शिल्लक तो त्यातच पाठवी. "बँकेस कळवायला हवे," असे धाकटा एकदा म्हणाला, तेव्हा अण्णा चिडले. "अर्जावर 'अनिवासी' लिहायचे? घर इथे, आईबाप इथे. तो परका झाला काय?"

गेल्या वर्षी अण्णांवर हृदयशस्त्रक्रिया करावी लागली. मुलगा तातडीने आला. परंतु केवायसीची मुदत उलटल्यामुळे खात्यातून पैसे काढणे बंद झाले होते आणि नवी कागदपत्रे देताना परदेशातील वास्तव्याचा प्रश्न निघाला. सर्व पूर्तता होईपर्यंत थांबणे भाग होते. चाळीस वर्षे कोणाचे देणे न ठेवलेल्या अण्णांना शेजारच्या पेढीकडून उसने घ्यावे लागले.

अनेक कुटुंबांत १८२ दिवसांचा हिशेब सांगितला जातो. तो प्रामुख्याने प्राप्तिकराचा. १९९९ च्या विदेशी चलन व्यवस्थापन कायद्यानुसार, म्हणजे 'फेमा'नुसार, नोकरी वा व्यवसायासाठी परदेशी गेलेली व्यक्ती देश सोडताच अनिवासी ठरते. तिचे साधे बचत खाते 'एनआरओ' करून घ्यावे लागते. येथील भाडे, लाभांश त्यात जमा होतात, व्याजावर करकपात होते, आणि कर भरून आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशी कमाईसाठी 'एनआरई' खाते असते. त्याचे व्याज भारतात करमुक्त असून मुद्दल व व्याज दोन्ही विनाअडथळा परत नेता येतात. अधिकारपत्र दिल्यास येथील नातेवाइकाला त्यातून स्थानिक खर्च भागवता येतो. अडचणीच्या वेळी हाच कागद उपयोगी पडला असता.

मुलाला फार थांबता येईना. अमिरातीबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास तेथील निवासी व्हिसा सामान्यतः रद्द होतो. पाचव्या महिन्यात निघण्यापूर्वी त्याने दोन्ही खात्यांची कामे पुरी केली, शेजारच्या पेढीचे पैसे फेडले आणि अधिकारपत्र अण्णांसमोर ठेवले.

अण्णांनी चष्मा लावला. 'अनिवासी' या शब्दावर त्यांची नजर क्षणभर थांबली. मग त्यांनी सही केली.

"पेढीवर माल आला की त्याच दिवशी वहीत नोंद करीत आलो," ते म्हणाले. "पोरगा गेला, ती नोंद मात्र सात वर्षे केली नाही."