नाखुदा मशिदीजवळचं दुकान

कोलकात्यात मे महिन्याच्या संध्याकाळी आभाळ कधी अंधारून येईल, सांगता येत नाही. या वादळी पावसाला तिथले लोक ‘कालबैसाखी’ म्हणतात. ऑफिसच्या कामासाठी मी दोन आठवडे त्या शहरात होते. एका सुट्टीच्या दिवशी नाखुदा मशीद बघायला निघाले आणि झकारिया स्ट्रीटवर पोचते न पोचते तोच वाऱ्याने माझी छत्री उलटी केली.

“अंदर आ जाओ बेटी, भीग जाओगी,” समोरच्या दुकानातून हाक आली.

दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. पांढऱ्या कापडाचे गठ्ठे पार छतापर्यंत रचलेले. जपमाळा, नमाजासाठीच्या चटया, पैसे ठेवायचे कमरपट्टे, अत्तराच्या बाटल्या. हजयात्रेचे दिवस जवळ आले होते. कोलकात्याहून यात्रेकरूंची विमानं सुटतात, त्यामुळे खरेदीला गर्दी होती. साठी ओलांडलेल्या चाचांनी मला स्टूल दिलं आणि मातीच्या भांड्यातून चहा मागवला.

तेवढ्यात एक मुलगा वडिलांना घेऊन आला. चाचांनी दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं उलगडली. हा इहराम, पुरुष यात्रेकरूंचा हजचा वेश. एक वस्त्र कमरेला कसं गुंडाळायचं, दुसरं खांद्यावरून कसं घ्यायचं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर नेसून दाखवलं. इतक्या सफाईने, की मी सहज विचारलं, “चाचा, तुम्ही किती वेळा जाऊन आलात?”

ते हसले. “एकदाही नाही.”

दोनदा पैसे जमले होते. एकदा मुलीच्या लग्नात गेले, एकदा बायकोच्या आजारपणात. “आणि हजच्या आधीचे हे दिवस म्हणजेच वर्षाची कमाई. दुकान सोडून जाणार कसं?”

मला एकदम माझे आजोबा आठवले. पंढरपुरात त्यांचं बुक्का, तुळशीच्या माळा आणि चुरमुऱ्यांचं दुकान होतं. आषाढीला सगळा महाराष्ट्र विठोबाच्या दारात, आणि आजोबा गल्ल्यावर! एकादशीला दुकानातूनच कळसाला हात जोडायचे आणि पुढच्या गिऱ्हाईकाला माळ द्यायचे. हे मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. चाचा लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे तुझे आजोबा आणि मी एकाच धंद्यातले.”

पाऊस थांबला, तरी मी तासभर तिथेच बसले होते.

पुढचे दहा दिवस ऑफिस सुटलं की माझी पावलं तिकडेच वळत. एकदा चाचा मला मशीद दाखवायला घेऊन गेले. लाल दगडाची ही भव्य इमारत कच्छी मेमन समाजाने उभारली. 1926 मध्ये तिचं काम सुरू झालं. रचनेसाठी आग्र्याजवळच्या सिकंदऱ्यातील अकबराच्या कबरीचा नमुना समोर होता. फारसीत नाखुदा म्हणजे जहाजाचा कप्तान. आपल्या कोळीगीतांतला ‘नाखवा’ याच शब्दावरून आला, असं मी सांगितल्यावर चाचांना फार गंमत वाटली. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते दिवसभर ‘नाखवा’ म्हणून दाखवत होते.

मी मुंबईत राहते हे कळलं, तेव्हा मात्र ते गप्प झाले. त्यांचे वडील हजला गेले होते ते मुंबईहूनच. आधी हावड्याहून रेल्वेने मुंबई आणि तिथून बोटीने जेद्दा. निरोप द्यायला हावडा स्टेशनवर गेलेले चाचा तेव्हा शाळकरी पोर होते. मुंबई ते जेद्दा हा बोटीचा प्रवास 1995 मध्ये बंद झाला. “अब्बांची बोट जिथून सुटली, तो समुद्र मी कधी पाहिला नाही,” ते म्हणाले.

निघायच्या दिवशी भेटायला गेले, तेव्हा दुकान माणसांनी भरलं होतं. पिशवी हातात देताना चाचा प्रत्येकाला एकच सांगत होते, “दुआ में याद रखना.” आजोबाही वारकऱ्यांना हेच सांगायचे, “माझाही नमस्कार सांगा.”

चाचांनी मला एक प्रश्न विचारला होता. आजोबांना कधी चुटपुट लागायची का? मला उत्तर माहीत नव्हतं. मुंबईत परतल्यावर गेटवेवरून समुद्राचा फोटो काढून चाचांना पाठवला आणि रात्री बाबांना फोन करून विचारलं.

“लागायची तर!” बाबा म्हणाले. “दुकान विकलं ना, त्याच्या आदल्या वर्षी एकादशीला त्यांनी शटर ओढलं आणि रात्रभर रांगेत उभे राहिले. सगळा बाजार बघत राहिला. सकाळी दर्शन घेऊन आले आणि पुन्हा दुकान उघडलं.”

हे मी चाचांना जसंच्या तसं कळवलं. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आवाजातला निरोप आला. मागे रस्त्यावरच्या हातगाड्यांचा गलका ऐकू येत होता.

“बेटी, पुढच्या हजसाठी फॉर्म भरतोय. सोडतीत नाव आलं तर दुकान पोरगा बघेल. आणि हो, आजोबांना माझा सलाम सांग.”

आजोबा आता नाहीत. पण येत्या आषाढीला मी पंढरपूरला जाणार आहे. त्यांच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून कळसाला हात जोडीन आणि चाचांचा निरोप तिथेच पोचवीन.