दोन हातांवरचा नीलवंत

दाभोळात दुर्बीण म्हणजे खाडीच्या मुखाकडे रोखायची वस्तू. होड्या, धोपाव्याहून येणारी फेरीबोट पाहावी. आमच्या घरची जुनी दुर्बीण त्याच कामाची. पाच-सहा मीटरांच्या अलीकडचे तिला सारे धूसर. आणि नीलवंत, ज्याला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला, तो येतो परसातल्या लिंबावर, दोन हातांवर!

जाळीत धरून टाचणी टोचणे मला मान्य नाही. मग दुर्बीणच हवी. दुकानदार फक्त पटी सांगतो. जवळात जवळ किती अंतरावरचे स्पष्ट दिसते, हे आपणच विचारायचे. पेंटॅक्सची ‘पॅपिलिओ’ अर्ध्या मीटरवरचेही दाखवते. (नीलवंताच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्दही हाच!) जवळ पाहताना तिची पुढची भिंगे एकमेकींकडे सरकतात, म्हणून दोन डोळ्यांना दोन चित्रे दिसत नाहीत. साडेआठ पटीचा मोह सोडून मी साडेसहा पटीची घेतली. भिंगे दोन्हींची २१ मिलिमीटरचीच. पट कमी तर उजेड जास्त, आणि हाताचा कंपही कमी जाणवतो. पोफळीच्या सावलीत हेच महत्त्वाचे.

परवा मादीने पोट वाकवून लिंबाच्या पानाला एक अंडे चिकटवले. दीड मीटरवरून मी पाहत होतो. ती बिचकली नाही. दुसऱ्या पानाकडे वळली.