दहावीची भूमिती, नव्या पाट्या

माझी भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. आता मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सॉलिडवर्क्सचं प्रॅक्टिकल आलं की तिचं एकच गाऱ्हाणं: ‘‘खाला, मला इंग्लिश येत नाही, म्हणून हे येत नाही.’’ वर्गातही तिला हेच ऐकवलं गेलंय. मी भाषा शिकवते, मशीन नाही. पण भाषेवर आळ आला की मला गप्प बसवत नाही.

तिच्याकडूनच समजून घेतलं. असेंब्लीतला मोकळा भाग सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकणं, तीन अक्षांभोवती फिरणं. पहिला आणलेला भाग जागेवर पक्का असतो. बाकीच्यांना ‘मेट’ लावून एकेक आजादी काढून घ्यायची. त्या मेटची यादी पाहिली आणि मला हसूच आलं. कॉन्सेंट्रिक म्हणजे उर्दूतलं हममरकज, मराठीतलं एककेंद्री. पॅरलल म्हणजे मुतवाजी, समांतर. परपेंडिक्युलर म्हणजे अमूद, लंब. टँजंट म्हणजे मुमास, स्पर्शिका. अगं, ही तर तुझी दहावीची भूमिती! फक्त पाट्या बदलल्यात.

मग बिजागरी घेतली. पिन आणि भोक हममरकज केलं की सहापैकी चार हालचाली संपतात. पिनीभोवती फिरणं आणि पिनीवर वरखाली सरकणं तेवढं उरतं. एका पानाची कड दुसऱ्याला टेकवली की सरकणंही जातं. उरलेलं फिरणं मात्र राहू द्यायचं, नाहीतर दार उघडणार कसं? (मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलणाऱ्या काही बुजुर्गांनाही हे सांगावंसं वाटतं. असो.)

तिची खरी अडचण वेगळीच निघाली. पाटावर दोन पिना, वरच्या पट्टीला दोन भोकं. पिनांमधलं अंतर ५० मिलिमीटर, भोकांमधलं ५०.२. पहिली जोडी बसली, दुसरी हममरकज करताच सगळं लाल. तिला वाटलं, आपण शब्दच चुकीचा निवडला. तिचे अब्बा फॅब्रिकेशनचं काम करतात, कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. जेवता जेवता म्हणाले, ‘‘एक भोक लांबट कर की.’’ तिने केलं. दुसरी पिन त्या लांबट भोकाच्या सपाट बाजूला मुमास केली. लाल गेलं.

तोंडी परीक्षा इंग्रजीतच आहे. वहीत तिने प्रत्येक मेटसमोर उजवीकडून उर्दू शब्द लिहिलाय, डावीकडून इंग्रजी. रोज मगरिबनंतर ती मला एकेक मेट इंग्रजीतून समजावते. अडखळली की आधी उर्दूत सांगते, मग पुन्हा इंग्रजीत.