आमखासचे तिकीट

औरंगपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला गाव पाहायला कुठे जावे लागत नाही. गावच पिशवी घेऊन त्याच्याकडे येते. नाथांच्या मंदिरात दर्शनाला आलेल्या आजीबाई परतताना कोथिंबीर घेतात, क्रमिक पुस्तकांच्या दुकानात शिरलेला बाप मुलाची वही नि घरची वांगी एकाच पिशवीत कोंबतो, आणि या गर्दीतूनच सरस्वती भुवनची मुले-मुली सायकली नि दुचाक्या काढतात. निजामी अमलात, १९१५ साली सुरू झालेली ही संस्था. ज्या काळी मराठीतून शिकणे हीच एक चळवळ होती, त्या काळातली. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाला या भागात वावरताना म्हणूनच थोडे बरे वाटते. वर्गात मुले जांभया देत असली तरीही!

सांगायची गोष्ट मात्र मराठीची नाही, फुटबॉलची आहे.

माझा एक भाचा अमेरिकेत शिकतो. दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला, तो आनंदाने नुसता नाचत होता. मला वाटले, परीक्षेत काही दिवे लावले असतील. पाहतो तो, स्वारीला आपल्याच विद्यापीठाच्या सामन्याचे तिकीट मिळाले होते! त्यांचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळायचा खेळ, त्याला फुटबॉल का म्हणावे हे त्यांचे त्यांना ठाऊक. पण त्याचे वेड असे, की अ‍ॅन आर्बर गावी मिशिगन विद्यापीठाचे क्रीडांगण आहे, त्यात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. इतके असूनही तिकडे अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या वाट्याची तिकिटे पुरत नाहीत. कुठे वरच्या वर्गातल्यांना आधी नि नव्यांना मागून, तर कुठे चक्क चिठ्ठ्या टाकाव्या तशी सोडत. ओळखपत्र दाखवल्याखेरीज आत पाऊल टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. मुले खो खो हसली. मी म्हटले, "हसू नका. आपल्याकडेही फुटबॉलला तिकीट लागते. कोल्हापूरला जाऊन पाहा. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांची गाठ पडली, की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमकडे लोटतात, आणि तिकीट काढून आत जातात. मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप चालत असे. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने तो १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे जिंकला. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. १९५६ साली वेगळा झाला. म्हणजे ती पोरे एका परीने आपलीच!"

"आणि सर, आपल्या आमखासवर?" एकीने विचारले.

"आमखासवर कसले तिकीट? यावे, उभे राहावे, शेंगा खाव्यात."

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, हा आपल्या संघाचा गोली. तीन वर्षे खेळतोय. पण याच्या आईने याला एकदाही खेळताना पाहिलेले नाही."

"का बरे? तिकीट तर नाही!"

"सामना चार वाजता असतो, सर."

वर्ग गप्प झाला. चार वाजता औरंगपुऱ्यात काय असते, ते सगळ्यांना माहीत होते. दुपारची मरगळ सरून भाजीला गिऱ्हाईक लागायची ती वेळ. गोलीची आई रस्त्याच्या कडेला पोत्यावर पालेभाजी मांडून बसते. तिच्याकडून मी कित्येकदा मेथी घेतली होती. आपल्या विद्यार्थ्याची ती आई, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. आठवड्याने आंतरमहाविद्यालयीन सामना होता. म्हटले, "बाई, या ना पाहायला. पैसे पडत नाहीत."

ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. "पैशे पडत न्हाईत कसं, सर? माजा माल कोन इकल?"

या प्रश्नाला एम.ए.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते. ते मुलांनी काढले. त्यांनी आपसात ठरवून टाकले, की सामन्याच्या दिवशी दोन तास दुकान ते सांभाळणार. बाई आधी हसल्या, मग चिडल्या, मग मुलाकडे पाहून गप्प बसल्या. अखेर मेथीचा भाव, पालकाचा भाव, सुट्ट्या पैशांचा डबा आणि 'उधारी द्यायची न्हाई' ही ताकीद, असा सारा कारभार तीन मुलगे आणि दोन मुली यांच्या हाती आला. पोरांच्या मोटारसायकलवर बसायला बाई तयार नव्हत्या, म्हणून त्यांना मैदानावर पोहोचवण्याचे काम माझ्याकडे. आम्ही चालत निघालो.

खडकेश्वराच्या देवळाशी त्यांनी हात जोडले. मलिक अंबरने १६१० साली हे शहर वसवले, तेव्हा त्याचे नाव खडकी होते. औरंगजेबाच्या वेळी ते औरंगाबाद झाले, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, पण देवाने खडकीची आठवण जपून ठेवली आहे. पुढे मलिक अंबरचाच भडकल दरवाजा लागला. मी इतिहास सांगू लागलो. बाई म्हणाल्या, "सर, जरा बिगी चला. सुरू झालं आसंल."

आमखासचे मैदान जामा मशीद नि किलेअर्कच्या परिसरातले. मोगल दरबाराच्या 'आम-खास' महालाचे हे नाव. आम म्हणजे सर्वांसाठी, खास म्हणजे निवडकांसाठी. आता महाल नाही, पहारेकरी नाही, आम कोण नि खास कोण हे विचारणारा कोणी नाही. कडेला माणसे उभी होती, पोरे झाडाखाली बसली होती. बाई तरीही घुटमळल्या. "कुटं उभं ऱ्हायचं आसतं?" त्यांनी विचारले. आयुष्यभर रस्त्यावर कुणाच्या तरी दारासमोर बसलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. मी म्हटले, "कुठेही." त्या जाऊन थेट गोलच्या मागे उभ्या राहिल्या.

चेंडू पलीकडच्या टोकाला असला की त्यांना खेळात रस नसे. त्या पोराची पाठ पाहत. त्याने एक चेंडू अंगावर झेलला, तेव्हा पदर तोंडाशी नेला. उत्तरार्धात एक चेंडू त्याला चुकवून आत गेला. बाई माझ्याकडे वळून रागाने म्हणाल्या, "बाकीची दहा जनं काय करत व्हती?" इतके मार्मिक समीक्षण मी अजून कुठे वाचलेले नाही.

आपण एका गोलने हरलो. पोरगा घामाघूम होऊन आला, आईला पाहून खाली मान घातली. तिने चिखलाचा हात ओढून कोपर पाहिले. "लागलं का?" एवढेच विचारले.

परत आलो तेव्हा दुकानात रणधुमाळी होती. "मेथी कैसी दी?" म्हणून विचारणाऱ्या एका चाच्यांशी आमची विद्यार्थिनी हिंदीतून घासाघीस करत होती, आणि हरत होती. कोथिंबीर तर पोरांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला वर फुकट दिली होती. बाईंनी डबा उपडा केला, मोजला. चाळीस रुपये कमी भरले.

मुलांचे चेहरे पडले. त्यांनी खिशात हात घातले. बाईंनी ते हात तिथेच थांबवले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "माजं तिकीट झालं ते. फुकट बगितलं आसं नको."

मी भाच्याला ही हकिकत कळवली, तेव्हा तो पलीकडे बराच वेळ बोलला नाही.

यंदाचे सामने जवळ आले आहेत. मुलांनी वहीच्या मागच्या पानावर यादी केली आहे: कोणत्या सामन्याला दुकानावर कोण बसणार. अमेरिकेतल्यासारखाच इथेही वडीलधाऱ्यांना पहिला मान आहे, म्हणून पहिल्या सामन्याला माझे नाव आहे. मेथीची जुडी किती मोठी बांधावी आणि चाच्यांपुढे कितीवर अडून बसावे, याचे धडे मी सध्या आमच्या सौ.कडून घेत आहे.